माझ्या घरी मानतात

तुमच्या घरी मानतात का?

काय मानतात, ते मी मुद्दाम विचारत नाही. ज्यांच्या घरी देव मानतात त्यांना हा प्रश्न देवाचा वाटेल. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांना मानतात त्यांना तो आदराचा वाटेल. पण आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात कोणी आवाज जरा खाली आणून "त्यांच्या घरी अजून मानतेत" असं म्हणालं, तर ऐकणाऱ्याला काही विचारावं लागत नाही. शिवाशिव. कोणी कुठवर यायचं, कोणी कशावर बसायचं. पूजेला, आदराला आणि अंतराला आपल्या भाषेने एकच क्रियापद दिलं आहे. आपण ते कोणत्या वेळी कोणत्या अर्थाने वापरतो, हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. उत्तर मला देऊ नका. स्वतःजवळ ठेवा आणि पुढे वाचा.

या क्रियापदापायी आमच्या कॉलेजातला एक वर्ग बंद पडायच्या काठावर आला, आणि त्या वर्गाबद्दलचा अभिप्राय आम्हाला प्राचार्यांसमोर, सगळ्यांच्या देखत, तोंडी द्यावा लागला. त्याची ही हकीकत.

मी पवनीची. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पुस्तिका आल्या. बाबा नोकरी करतात, पण सुट्टीच्या दिवशी जिथे मेळावा असेल, जयंती असेल, चार माणसं जमणार असतील, तिथे जमिनीवर निळं कापड अंथरतात आणि पातळ पातळ पुस्तिका मांडून बसतात. लहानपणी मी त्यांच्याशेजारी बसायचे. वारा आला की पानं उडू नयेत म्हणून कोपऱ्यावर ठेवायला नदीतले गोटे गोळा करून आणायचं काम माझं. अक्षरं मी त्या मुखपृष्ठांवर शिकले. म्हणून मला आधी मोठी अक्षरं वाचता आली, आणि उद्गारचिन्ह मला पूर्णविरामाच्या आधी कळलं.

त्या पुस्तिकांची मला लाज नाही. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा त्यांना वाचता येत नव्हतं. अशीच एक पुस्तिका दुसऱ्याकडून वाचून घेऊन ते ताठ उभे राहायला शिकले. पण पुस्तिकेत एक विरोधक असतो. तो सुरुवातीला मोठ्या तोऱ्यात प्रश्न विचारतो आणि शेवटच्या पानाच्या आधी गप्प होतो. समोरचा गप्प झाला की आपलं काम झालं, अशी माझी समजूत तिथूनच झाली. आणि पुस्तिकेत "मी" कधीच नसतो. "आम्ही" असतो. आम्ही विचारतो, आम्ही सांगतो, आम्ही झुकणार नाही.

दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या फलकावर सूचना लागली. निरनिराळ्या धर्मांची ओळख, चर्चेतून. शुक्रवारी दुपारी एक तास, ज्याला यायचं त्याने यावं. शिकवणारे सर नागपूरहून बसने येत, तासिका तत्त्वावर, म्हणजे वर्ग असला तर ते, वर्ग नसला तर तेही नाहीत. मी पहिल्याच दिवशी नाव घातलं. शिकायला नाही. जिंकायला.

सरांनी बाकं गोलात लावायला सांगितली. शिपाईकाका दारात उभे राहून बघत होते. "परत सरळ कोण लावन? मीच ना?" ते म्हणाले. सरांनी "आम्हीच लावू" म्हणून शब्द दिला आणि मग आमच्याकडे वळले.

"या वर्गात दोन शब्द चालणार नाहीत," ते म्हणाले. "आमच्यात आणि तुमच्यात. 'आमच्यात असं करतात', 'तुमच्यात तसं चालतं', हे बाहेर ठेवा. इथे 'माझ्या घरी' म्हणायचं. कोणी आपल्या धर्माचा वकील नाही."

"आन् घरी कोणी काहीच करत नसन तर?" मागून एकाने विचारलं.

"तर काहीच करत नाही असं सांगा."

"काहीच करत नाही म्हटलं तर आई मारते, सर."

सगळे हसले. त्या दिवशी तो नियम मला पोरकट वाटला. माझ्याशेजारी एक मुलगा बसला होता. त्याच्या वडिलांचं बाजारात बांगड्यांचं दुकान. त्याने सगळ्यात आधी तोंड उघडलं. "माझ्या घरी अब्बांना शुगर आहे. डॉक्टर म्हणतात रोजा नका धरू, अब्बा ऐकत नाहीत. मग संध्याकाळी अब्बांनी रोजा सोडायच्या आधी अम्मी तोंड सोडते." वर्ग पुन्हा हसला, पण मला आठवतं, त्या हसण्यात कोणाचा काटा नव्हता. "तुमच्यात उपास कसा करतात" असं विचारलं असतं तर त्याने पाठ केलेलं काहीतरी सांगितलं असतं आणि आम्ही पाठ केलेला चेहरा करून ऐकलं असतं.

माझी पाळी आली. "आम्ही देव मानत नाही," मी म्हणाले.

"माझ्या घरी," सर म्हणाले.

"माझ्या घरी देव..." मी थांबले. कारण माझ्या घरी सकाळी वंदना होते, आणि नंतर आई पहिल्या पोळीचा तुकडा मोडून गॅसच्या शेगडीजवळ ठेवते. तिची आई चुलीत टाकायची, म्हणून ती ठेवते. कोणासाठी, ते तिला सांगता येत नाही. बाबांना दिसलं की ते चिडतात आणि आई म्हणते, "मुंग्यांसाठी आहे, तुमचं काय जाते?" हे पुस्तिकेत कुठे बसत नाही. मी ते वर्गात सांगितलं, आणि घरी जाईपर्यंत मला आपण काहीतरी गहाण टाकून आल्यासारखं वाटत होतं.

असा तो वर्ग चालला. चांगला होता तो, हे मी आधी लिहून ठेवते, कारण पुढे मी त्याच्याविरुद्ध बोलणार आहे.

वर्गात एक मुलगी होती. मोहाडीकडची, शेतकऱ्याच्या घरची, पवनीत मामाकडे राहून शिकणारी. ती फार बोलत नसे. बोलली की तिच्या गावाकडच्या बोलीत, अंगणात उभं राहून बोलावं तशी मोकळी. आमच्यातले काही जण सरांपुढे पुस्तकी मराठी काढायचे. ती काढायची नाही.

त्या शुक्रवारी सरांनी विषय दिला होता, घरी येणारं माणूस. कोण येतं, कुठे बसतं, काय देता. मुलं चहापोह्यांबद्दल बोलत होती. तिची पाळी आली तशी ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "माझ्या घरी... सर, माझ्या घरी मानतेत."

सरांचा चेहरा खुलला. "वा. म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला मानतात. छान." आणि वळून त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "आदर".

गोलात बसलेल्या प्रत्येकाला कळलं होतं ती काय म्हणाली ते. माना खाली गेल्या. नागपूरच्या सरांना कळलं नसेल असं तेव्हा मला वाटलं. ती फळ्याकडे बघत राहिली आणि हळूहळू खाली बसली.

मी उठले. "सर, ती हे म्हणत नाहीये."

"मग?"

मग मी सुरू झाले. मानणं म्हणजे काय, कोण कोणापासून मानतं, किती पिढ्या, आम्ही काय सोसलं, आम्ही काय सोडलं. पुस्तिकेतली सगळी वाक्यं माझ्याजवळ तयार होती आणि सगळी खरी होती. मी "आम्ही" म्हणत होते आणि सरांनी एकदाही अडवलं नाही. बोलून संपलं तेव्हा वर्ग गप्प होता. मला वाटलं, काम झालं.

"झालं काय तुहं?" ती मुलगी म्हणाली.

मी बघितलं तिच्याकडे.

"मी तुले सांगितलं होतं काय माह्यासाठी बोलाले? सरांनी अर्धं तोंडातून काढलं, अर्धं तू काढलं. मले काय ठेवलं?"

बांगडीवाल्याचा मुलगा हळूच म्हणाला, "बोल ना वं. आता कोणी नाही बोलत. मी हिचं तोंड धरून ठेवतो."

आणि ती बोलली. ते मला जसं आठवतं तसं सांगते.

तिच्या घरी रोवणीला, म्हणजे धानाची रोपं लावायला, बायांची टोळी येते. त्या टोळीची एक म्होरकी आहे, वयाने आजीएवढी, माझ्या समाजातली. रोवणी संपली तरी ती म्हातारी दुपारी येत राहते. आजी आणि ती, दोघी ओसरीवर बसतात, सुपारी कातरतात. धान कोणतं टाकायचं ते आजी तिला विचारते. आत्याचं स्थळ आलं तेव्हा आजीने घरातल्या पुरुषांच्या आधी तिला विचारलं. आजी खाटेवर बसते, ती पायरीवर. ती उठून गेली की आजी हाक मारते आणि या मुलीने जाऊन पायरीवर तांब्याभर पाणी टाकायचं. अगदी लहान होती तेव्हापासून तिचं ते काम.

"मले वाटे, दगड तापला राहते म्हणून," ती म्हणाली. "उन्हाचं कोणी बसन तं भाजन म्हणून. मी तर मोठ्या आवडीनं टाकत होती. पाणी टाकलं की पायरीतून वाफ निघे, ते पाहाले मजा वाटे. मग एकदा पावसाळ्यात आजीनं हाक मारली. पायरी ओली होती. मी म्हटलं, आजी, ओलीच तं आहे. आजी म्हणे, असू दे, टाक. तवा कळलं."

तिने बोटाभोवतीची ओढणी सोडली.

"माही आजी तिले मानते बी, आन् तिच्यापासून मानते बी. दोन्ही खरं आहे सर. तुम्ही एकच लिहिलं." तिने फळ्याकडे बोट केलं. "आन् हे," माझ्याकडे, "दुसरंच एक बोलली. माही आजी वाईट बाई नाही. पण ते पाणी वाईट आहे. हे दोन्ही एका तोंडानं कसं सांगतेत, ते मले येत नाही. म्हणून मी या वर्गात येतो."

सरांनी डस्टर उचललं, आणि खाली ठेवलं. "आदर" फळ्यावर तसाच राहिला.

ही गोष्ट वर्गाबाहेर जायला वेळ लागला नाही. कोणी नेली कोण जाणे. तिचे मामा कॉलेजात आले. प्राचार्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि व्हरांड्यातून त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "शिकाले पाठवलं पोरीले, घरची लुगडी वाळत घालाले नाही! तुमी पोरांकडून घरातलं काढता कायले?" ती मुलगी तेव्हा ग्रंथालयाच्या दारात उभी होती. तिने हातातलं पुस्तक उघडलं आणि उभ्या उभ्याच वाचायला लागली. पान मात्र उलटलं नाही.

पुढच्या शुक्रवारी सरांनी सांगितलं, वर्ग पुढच्या वर्षी ठेवायचा की नाही हे प्राचार्य ठरवणार आहेत. शेवटच्या तासाला ते स्वतः येऊन बसतील आणि मुलांचे अभिप्राय ऐकतील. "तुम्हाला जे वाटतं ते सांगा," सर म्हणाले. "मला सांभाळून घेऊ नका." हे म्हणताना त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

तास सुटल्यावर बांगडीवाल्याच्या मुलाने मला सायकल स्टँडजवळ गाठलं. "ऐक, माझी आई. सगळे गोड बोलणार आहेत. अनुभव छान, सर छान, पंखा छान. तू पण गोड बोल. तू खरं बोलली की दुकान बंद."

"आणि खोटं बोलून चालू ठेवायचं?"

"चालू राहिलं तर पुढच्या वर्षी खरं बोल ना. कोण नाही म्हणतो? बंद झालं तर कुठे बोलशील, तुझ्या बाबांच्या कापडावर?"

त्याचा राग आला मला. मी सायकल काढली.

घरी बाबांना सांगितलं. चूक झाली म्हणा हवं तर. पायरीचं ऐकताच बाबांचे डोळे चमकले. ते उठून कागद घेऊन आले. "हे पत्रक आहे," ते म्हणाले. "तयारच आहे. काही जोडाले नको. 'पायरीवरचं पाणी', वर मोठ्या अक्षरात. हजार प्रती काढतो. त्या मामाले बी एक नेऊन देतो."

"तिची गोष्ट आहे ती, बाबा."

"तिची काहून? त्या पायरीवर बसली ती बाई कोणाची आहे? आपली. मग गोष्ट बी आपलीच."

यातलं काहीच खोटं नव्हतं. आपण उठलो की पायरीवर पाणी टाकतात हे त्या म्हातारीला माहीत असेल का, हा प्रश्न माझ्याही डोक्यात घुमत होता. माहीत असणार. इतकी वर्षं उठून गेल्यावर मागे पाण्याचा आवाज ऐकू येत नाही होय? पण बाबांच्या पत्रकात आजी राक्षसीण झाली असती, म्हातारी बिचारी झाली असती, आणि दुपारी सुपारी कातरत बसलेल्या त्या दोघी कुठेच उरल्या नसत्या. आणि त्या मुलीला मामाने त्याच दिवशी बसमध्ये बसवून मोहाडीला धाडलं असतं.

"तिला विचारल्याशिवाय एक अक्षर छापायचं नाही," मी म्हणाले.

"क्रांती विचारून होत नसते."

"मग तुम्ही आईला विचारा, पोळीचा तुकडा शेगडीजवळ का ठेवते. तिच्यावर काढा पत्रक."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मले मधात ओढू नका." बाबांनी कागद घडी करून खिशात घातला. त्यावर त्यांनी काहीही लिहिलं नाही. पुढचे बरेच दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

शेवटचा तास. बाकं गोलात होती, पण प्राचार्यांसाठी शिपाईकाकांनी हातांची खुर्ची आणून दाराजवळ, गोलाबाहेर ठेवली. सरांनी त्यांना गोलात बसायची विनंती केली. "मी इथे बरा आहे," ते म्हणाले.

अभिप्राय सुरू झाले. अनुभव खूप छान होता. सगळे धर्म एकच सांगतात. आम्हाला एकमेकांचे सण कळले. ऐकताना मला कळत होतं की हे प्रेमाने बोलत आहेत, सरांसाठी, वर्गासाठी. बांगडीवाल्याचा मुलगा म्हणाला, "आधी मला वाटायचं माझ्याच घरी भांडणं होतात. आता कळलं, सगळ्याच धर्मांत होतात. याला मी सर्वधर्मसमभाव समजतो." प्राचार्यसुद्धा हसले. त्याने माझ्याकडे एक डोळा बारीक करून बघितलं: आता तू.

मी उभी राहिले. मी काय बोलले ते लिहिते.

"हा वर्ग चांगला होता, आणि त्याचा नियम त्याहून चांगला होता. मी 'आम्ही' म्हणत आले होते आणि मला 'माझ्या घरी' म्हणावं लागलं. त्याचा मला त्रास झाला आणि तो त्रास मला हवा होता. पण सर, इथे जेव्हा जेव्हा कोणी टोचणारं बोललं, तेव्हा ते फळ्यावर जाईपर्यंत गुळगुळीत झालं. कोणी भीती सांगितली, तुम्ही 'श्रद्धा' लिहिलं. कोणी अंतर सांगितलं, तुम्ही 'आदर' लिहिलं. एकमेकांच्या धर्मातलं गोड तेवढं चाखायचं असेल तर त्याला वर्ग लागत नाही, सणाच्या दिवशी शेजारी गेलं तरी पुरतं. वर्ग लागतो तो जे शेजारी बसून बोलता येत नाही त्याच्यासाठी. माझा अभिप्राय असा की फळा काढून टाका, नियम ठेवा, आणि तास एकाचे दोन करा."

प्राचार्य म्हणाले, "म्हणजे तक्रार आहे की नाही?"

"तक्रार आहे, सर. म्हणून चालू ठेवा म्हणते."

"हे काही मला समजलं नाही," ते म्हणाले, आणि मला वाटतं ते खरंच बोलत होते.

मग ती उठली. तिच्याकडे कोणी बोट केलं नव्हतं. ती सरळ प्राचार्यांकडे तोंड करून उभी राहिली.

"सर, माहे मामा तुमच्याकडे आले होते. मी खोटं बोलली असं म्हटलं असन त्यांनी. मी खोटं नाही बोलली. मधात दोन दिवस घरी गेली होती. ते पायरीवरच्या आजी आल्या, बसल्या, गेल्या. माह्या आजीनं हाक मारली. मी तांब्या भरला, पायरीपर्यंत गेली, आन् परत येऊन तांब्या जागेवर ठेवला."

प्राचार्य खुर्चीत पुढे सरकले.

"आजी काही बोलली नाही. खाटेवरून उठली. गुडघे दुखतेत तिचे, तरी उठली, आन् स्वतः टाकलं. आता फोन केला की विचारते, काहून नाही टाकलं वं? राग नाही सर तिच्या आवाजात. खरंच विचारून राहिली ते. तिले या वयात कोणी असं विचाराले लावलंच नव्हतं. आन् मले सांगता येत नाही. मी 'समता' म्हटलं तं तिले समजणार नाही, 'पाप' म्हटलं तं आजी तुटून जाईन. रोवणीले मी घरी जाईन, तवा ते समोर बसून विचारन. तोवर मले शब्द पाहिजेत. ते मले इथंच भेटतेत, इथं सगळे अडखळतेत म्हणून. बाकी सगळीकडे लोकांले पाठ आहे. म्हणून वर्ग बंद नका करू."

ती बसली. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "विचार करू," ते म्हणाले. उठताना ते तिच्या बाकापाशी क्षणभर थांबले, आणि मग गेले.

निर्णय फलकावर लागला नाही. नवीन वेळापत्रक लागलं आणि त्यात शुक्रवारच्या दुपारी व्यक्तिमत्त्व विकास होता. कोणी वर्ग बंद केला नव्हता. त्याला फक्त जागा नव्हती.

सर शेवटचे आले ते आपली कागदपत्रं न्यायला. मी त्यांना बस स्टँडपर्यंत सोडायला गेले. माझ्या बोलण्यामुळे झालं का, हे विचारायचा धीर होत नव्हता. त्यांनीच विषय काढला. "तुझा अभिप्राय बरोबर होता. त्या दिवशी मला कळलं नव्हतं असं समजू नकोस. मला लगेच कळलं होतं. मी घाबरलो आणि पहिला चांगला शब्द लिहिला." बस आली. चढता चढता ते वळून म्हणाले, "तिला सांग, थांबू नको म्हणावं."

तेव्हापासून आम्ही जागा शोधतो आहोत. जो ऐकतो तो हसतो, कारण पवनीत काय, कुठल्याही गावात बसायच्या जागा का कमी आहेत? पण एकदा शोधून बघा. बाबा, राग गेल्यावर, म्हणाले, विहारात बसा, मी किल्ली देतो. ती विहारात दिसली तर मामाला संध्याकाळच्या आत कळेल. देवळाच्या सभामंडपात मी जाणार नाही, आणि मी गेले तरी बांगडीवाल्याच्या मुलाला तिथे कोण बसू देईल? त्याच्या घराच्या माडीवर जागा आहे, पण दोन मुली तिथे चढताना दिसल्या तर वेगळीच पत्रकं निघतील. नदीच्या घाटावर बसलो तर येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रश्न पडतो. एकदा बस स्टँडच्या बाकावर बसलो. तिने बोलायला तोंड उघडलं आणि तिच्या मामांचे ओळखीचे एक गृहस्थ शेजारी येऊन विचारू लागले, "कोणत्या गाडीची वाट पाहून राहिली?" आमच्या गावातली प्रत्येक खोली कोणाची तरी आहे. कॉलेजातली ती एक खोली कोणाचीच नव्हती, आणि आम्हाला ती गेल्यावर कळलं.

हे लिहून झाल्यावर मी तिला वाचायला दिलं. तिने एके ठिकाणी "बिचारी" हा शब्द खोडला आणि आजीच्या गुडघ्यांचं वाक्य तसंच राहू दे म्हणाली. बाकी छापायला तिची परवानगी आहे. पायरीवर बसणाऱ्या म्हातारीची परवानगी मी घेऊ शकले नाही. तिच्यापर्यंत हे पोचलं तर तिने काय म्हणावं, ते मी तिच्या वतीने बोलणार नाही.

रोवणी जवळ येत आहे. आजी ओसरीवर बसून विचारणार आहे, आणि उत्तर अजून तयार नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या गावातली शाळा रविवारी बंद असते. तिची किल्ली कोणाकडे असते, तेही तुम्हाला माहीत असतं. तुम्ही पवनीत असाल तर आमच्यासाठी, दुसरीकडे असाल तर तुमच्या गावातल्या अशाच अडखळणाऱ्या पोरांसाठी, ती किल्ली मागून घ्या आणि दुपारी दोन तास एक वर्ग उघडून द्या. बाकं आम्ही परत सरळ लावून ठेवू. तुम्हाला बसायचं असेल तर खुर्ची दाराजवळ टाकू नका; आत या, आणि बोलायची पाळी आली की "माझ्या घरी" पासून सुरुवात करा.